हिवाळ्याची बेगमी

(शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



बेगमी हा मराठी घरातला एक जुना आणि अर्थपूर्ण शब्द आहे. वैशाखाचे ऊन तापले की गच्चीवर पापड, कुरडया आणि सांडगे वाळू लागतात, लोणच्याच्या बरण्यांना दादरे बांधले जातात, धान्याला ऊन दाखवले जाते आणि कोकणात पडवीच्या कडेला सरपण रचले जाते. आगोटीची ही कामे पाऊस सुरू होण्यापूर्वी उरकावी लागतात. पहिली सर कोसळल्यावर ज्याला लाकडे आठवली, त्याची चूल धुमसतच राहते. महाराष्ट्र सोडून दूरच्या प्रांतांत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनीही ही रीत सोडलेली नाही.

देशाच्या उत्तर टोकाला अशीच बेगमी होते. फक्त ती पावसासाठी नसून हिवाळ्यासाठी असते. काश्मीरच्या खोऱ्यात शरद ऋतू लागला की वांगी, दुधी भोपळा आणि टोमॅटो चिरून, दोऱ्यात ओवून, घराच्या भिंतींवर वाळत टाकले जातात. या सुकवलेल्या भाज्यांना तेथे ‘होख स्यून’ म्हणतात. लडाखमधील घरांच्या सपाट छपरांवर गवताचे भारे आणि गोवऱ्या रचलेल्या दिसतात. २१ डिसेंबरपासून ३१ जानेवारीपर्यंतचा सुमारे चाळीस दिवसांचा काळ काश्मिरी लोक ‘चिल्लई कलान’ या नावाने ओळखतात. त्या काळात रस्ते बंद होतात, नळातले पाणी गोठते आणि माणूस घराबाहेर पडेनासा होतो. त्याच काळात त्याच डोंगरांवर, ज्यांना घर नाही, चूल नाही आणि कोठार नाही, असे असंख्य जीव राहत असतात. त्यांची बेगमी कशी होते, ती कोठे मोडते आणि ती मोडू नये म्हणून कोण काय करीत आहे, हा आजचा विषय आहे.

एक गोष्ट आरंभीच ध्यानात घ्यावी. हिमालयातील प्राण्याच्या जगण्या-मरण्याचा निकाल बहुतेक वेळा हिवाळ्यात लागतो. परंतु तो ठरतो मात्र शरदात. ज्या अस्वलाने आश्विन-कार्तिकात पुरेशी चरबी साठवली नाही, जे पाडस हिरव्या गवताच्या दिवसांत पुरेसे वाढले नाही, ज्या पक्ष्याच्या पिलाचे पंख वेळेवर तयार झाले नाहीत, त्यांच्यासाठी माघ उजाडेल याची शाश्वती नसते. म्हणून वन्यजीवांचे रक्षण म्हणजे केवळ शिकाऱ्याची बंदूक रोखणे नव्हे. त्यांना तयारीसाठी लागणारे गवत, लागणारी जागा आणि लागणारी शांतता त्यांच्याकडे राहू देणे, हा त्या रक्षणाचा मोठा भाग आहे.

या प्राण्यांना हिवाळा येणार हे कळते तरी कसे? त्यांची दिनदर्शिका म्हणजे सूर्यप्रकाश. दिवस लहान होऊ लागला की डोळ्यांवाटे तो संदेश मेंदूपर्यंत जातो, शरीरातील संप्रेरके बदलतात, अंगावरचा केसांचा थर दाट होऊ लागतो, भूक वाढते. थंडी एखाद्या वर्षी लवकर येईल, एखाद्या वर्षी उशिरा. दिवसाची लांबी मात्र कधी फसवत नाही. लक्षावधी वर्षे या घड्याळाने प्राण्यांना योग्य वेळी जागे केले आहे.

तयारीचे मार्ग मुख्यतः तीन: झोपणे, सोसणे आणि निघून जाणे.

झोपणाऱ्यांत हिमालयातील काळे अस्वल सर्वांच्या परिचयाचे. श्रीनगरपासून जवळच असलेले दाचीगाम राष्ट्रीय उद्यान हे त्याचे मोठे आश्रयस्थान होय. शरदात हे अस्वल अक्रोड, ओकची फळे आणि रानमेवा यांवर अक्षरशः तुटून पडते. दिवसाचा बराचसा काळ ते खाण्यात घालवते आणि त्याच्या कातडीखाली चरबीचा जाड थर साठत जातो. बर्फ पडू लागला की एखाद्या गुहेत किंवा जुन्या झाडाच्या ढोलीत शिरून ते शीतनिद्रा घेते. शीतनिद्रेतील अस्वल महिनोन्महिने खात नाही, पीत नाही, मलमूत्र विसर्जन करीत नाही. शरीरातील त्याज्य द्रव्यांचाच पुन्हा उपयोग करून ते आपले स्नायू राखते. इतके दिवस अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पायांतले बळ जाते. अस्वल मात्र वसंतात उठून चालू लागते.

त्याहून विलक्षण गोष्ट मादीची. अस्वलांचे मीलन उन्हाळ्यात होते, परंतु गर्भ लगेच रुजत नाही. तो सूक्ष्म अवस्थेत थांबून राहतो आणि हिवाळ्याच्या तोंडावरच गर्भाशयात रुजतो. मादीच्या अंगावर पुरेशी चरबी नसेल, तर तो रुजतच नाही. पिले भर हिवाळ्यात गुहेतच जन्मतात आणि काही न खाणारी आई साठवलेल्या चरबीवर त्यांना दूध पाजते. म्हणजे शरदातला एक एक अक्रोड पुढच्या पिढीचे भवितव्य ठरवीत असतो.

लडाखच्या पठारावर राहणारा मार्मोट, ज्याला स्थानिक लोक ‘फिया’ म्हणतात, हा याहून पक्का झोपाळू. खारीच्या कुळातला हा मांजराहून थोराड प्राणी वर्षातील सहा महिन्यांहून अधिक काळ जमिनीखाली असतो. कुटुंबच्या कुटुंब एका बिळात शिरते, आतून माती आणि दगड लावून तोंड बंद करते आणि एकमेकांना बिलगून झोपी जाते. त्या झोपेत शरीराचे तापमान बाहेरच्या मातीच्या जवळपास उतरते आणि मिनिटाला शंभराहून अधिक पडणारे हृदयाचे ठोके अवघ्या काही ठोक्यांवर येतात. मधूनमधून मात्र त्याला शरीर तापवून जागे व्हावे लागते आणि साठवलेल्या चरबीचा मोठा वाटा या जागे होण्यातच खर्च होतो. शास्त्रज्ञांना असेही आढळले आहे की मार्मोट आणि त्याचे जातभाई यांना रानातील वनस्पतींमधून मिळणारी विशिष्ट स्निग्धाम्ले लागतात. ती शरीरात असली तरच एवढ्या थंड अवस्थेत त्यांचे हृदय नीट चालते. नुसते पोट भरून भागत नाही. योग्य तेच खावे लागते.

सोसणाऱ्यांची गोष्ट वेगळी. चांगथांगच्या पठारावरील शेळीच्या राठ केसांखाली हिवाळ्यापूर्वी एक अतिशय मऊ, बारीक केसांचा थर उगवतो. तोच पश्म. ज्या लोकरीच्या शालीचे जगाला कौतुक, ती मुळात एका शेळीने स्वतःसाठी केलेली थंडीची सोय आहे. भरल आणि आयबेक्स हे जंगली मेंढ्या-बकऱ्यांचे आप्त असाच दाट केसांचा थर वाढवतात आणि बर्फ साचू लागला की उंच कडे सोडून खालच्या उतारांवर उतरतात. त्यांच्या मागोमाग हिमबिबट्याही खाली येतो. पिका हा उंदराएवढा दिसणारा, पण सशाच्या गोत्रातला प्राणी झोपतही नाही आणि दूरही जात नाही. त्याच्या कित्येक जाती उन्हाळ्यात गवत कातरून खडकांत साठवतात. बर्फ पडल्यावर तो खडकांच्या पोकळ्यांत राहतो. वर बर्फाचा जाड थर असला की खालची हवा बाहेरच्या मानाने पुष्कळ उबदार राहते. बर्फ ही त्याच्यासाठी आपत्ती नव्हे. ती त्याची गोधडी आहे.

आणि काश्मीरचा हंगुल! आज काश्मीरखेरीज जगात कोठेही न आढळणारे हे भव्य हरीण. नराची शिंगे दरवर्षी वसंताच्या सुमारास गळतात आणि उन्हाळाभर पुन्हा वाढतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दाचीगामच्या रानात नरांच्या आरोळ्या घुमू लागतात. त्या काळात नर झुंजतो, धावतो आणि जवळजवळ खात नाही. नेमक्या हिवाळ्याच्या तोंडावर तो खंगतो. त्यामुळे त्याला त्याआधीचा उन्हाळा उत्तम गवतावर काढलेला असणे भाग असते. मादीचेही तेच. मे-जूनमध्ये जन्मलेल्या पाडसाला पाच-सहा महिन्यांत हिमवर्षावाला सामोरे जाण्याएवढे वाढवायचे असते.

तिसरा मार्ग निघून जाण्याचा. त्सो मोरिरी आणि त्सो कार या लडाखच्या सरोवरांवर, तसेच तिबेट आणि मंगोलियात उन्हाळा काढणारा पट्टकदंब हंस हा या मार्गाचा मानकरी. पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे, ही त्याची खूण. पिले वाढवण्याच्या दिवसांत त्याची उड्डाणाची पिसे गळतात आणि काही आठवडे त्याला उडताच येत नाही. नवी पिसे यावीत, पिलांच्या पंखांत बळ यावे आणि मग सरोवर गोठण्यापूर्वी निघावे, असा त्याचा काटेकोर हिशेब असतो. उपग्रहाद्वारे मागोवा घेतलेल्या एका पट्टकदंबाने ७,२९० मीटर उंची गाठल्याची नोंद आहे. त्याच्या रक्तातील हिमोग्लोबिन विरळ हवेतूनही प्राणवायू पकडून ठेवते आणि तो पुष्कळदा रात्री किंवा पहाटे, हवा थंड आणि दाट असताना उडतो. हिमालय ओलांडून आलेले हे हंस हजारोंच्या संख्येने हिमाचल प्रदेशातील पोंग जलाशयावर उतरतात. काही थेट महाराष्ट्रात जायकवाडी आणि उजनीच्या पाण्यावर आणि त्याही पलीकडे कर्नाटकात पोहोचतात.

इतकी अचूक तयारी असूनही हे जीव संकटात का सापडतात, हा खरा प्रश्न आहे. त्याचे पहिले उत्तर अगदी साधे आणि लाजिरवाणे आहे: कचरा. मध्य काश्मीरमधील सोनमर्गच्या परिसरात तपकिरी अस्वलांच्या विष्ठेचा अभ्यास झाला, तेव्हा तीत प्लास्टिकच्या पिशव्या आणि खाद्यपदार्थांची वेष्टने आढळली. दऱ्याखोऱ्यांत कंदमुळे उकरणारा हा दुर्मीळ प्राणी उपाहारगृहांच्या आणि छावण्यांच्या मागे उकिरडा चिवडू लागला आहे. उकिरडा हिवाळ्यातही रिकामा होत नाही. बाराही महिने अन्न मिळू लागले की अस्वलाची झोप उशिरा लागते आणि लवकर मोडते. मग ते वस्तीत शिरते. दुसरीकडे, काश्मीरमध्ये जंगलाच्या कडेची भातखाचरे जाऊन तेथे फळबागा आल्या. शरदात भुकेने पेटलेल्या अस्वलासमोर पिकलेल्या फळांनी लगडलेली बाग ठेवली, तर ते बागेतच येणार. त्यातून माणसे जखमी होतात, काही दगावतात आणि संतापलेला जमाव अस्वलाला ठार करतो. यांत दोषी कोण हे ठरवणे सोपे नाही. बागेवर कर्ज काढलेला शेतकरीही आपली हिवाळ्याची बेगमीच करीत असतो.

लेहहून पँगाँग सरोवराकडे जाणाऱ्या रस्त्यावर दुसरे एक दृश्य दिसते. मोटारी थांबतात, पर्यटक खाली उतरतात आणि फियाला बिस्किटे भरवीत छायाचित्रे काढतात. त्यात क्रौर्य नसते, कौतुकच असते. परंतु ज्या प्राण्याला रानातील विशिष्ट वनस्पती खाऊनच सहा महिन्यांची झोप सुखरूप काढता येते, त्याला मैदा आणि साखर देणे हा त्याच्या बेगमीत खडे मिसळण्याचा प्रकार आहे. शिवाय माणसाची भीती गेलेला फिया मोटारीखाली येतो किंवा कुत्र्यांच्या तोंडी जातो. पर्यटकांच्या आणि छावण्यांच्या उष्ट्यावर पोसलेल्या भटक्या कुत्र्यांचा प्रश्न लडाखमध्ये गंभीर झाला आहे. मार्मोटपासून पाणथळीतल्या पक्ष्यांच्या अंड्यांपर्यंत काहीच त्यांच्या तावडीतून सुटत नाही.

हंगुलचे दुखणे गवताचे आहे. दाचीगामचा खालचा भाग हिवाळ्यासाठी आणि उंचावरची कुरणे उन्हाळ्यासाठी, अशी या हरणांची पिढ्यानपिढ्यांची वाटणी होती. परंतु गेल्या काही दशकांत वरच्या कुरणांवर उन्हाळ्यात मेंढ्यांचे कळप आणि त्यांची राखण करणारी कुत्री जाऊ लागली आणि हंगुल त्या कुरणांकडे क्वचितच फिरकू लागला. ज्या गवतावर पाडसे वाढायची, तेच तुटले. मादीमागे पाडसांचे प्रमाण कमी असणे हीच आज अभ्यासकांना सर्वांत मोठी चिंता वाटते. मेंढपाळांनाही त्या कुरणांविना गत्यंतर नसते, हेही येथे नमूद केले पाहिजे.

कधीकधी प्राण्याची तयारीच त्याच्या जिवावर उठते. चिरू हे तिबेटच्या पठारावरील आणि लडाखच्या सीमेलगतचे हरिणासारखे जनावर. त्याच्या अंगावरचे केस जगातील अत्यंत तलम केसांपैकी होत. त्यांपासून विणलेल्या शालीला शाहतूश म्हणतात. पश्मिन्याची शेळी पाळीव असते, उन्हाळ्याच्या तोंडावर फणी फिरवून तिचे केस काढता येतात आणि शेळी पुन्हा चरायला जाते. चिरू रानटी असतो. केसांसाठी त्याला मारावेच लागते. एका शालीमागे तीन ते पाच चिरूंचा बळी जातो. थंडीपासून वाचण्यासाठी उगवलेल्या केसांपायी विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत या जनावरांचे कळपच्या कळप कापले गेले.

शेवटचे संकट सर्वांत मोठे आणि सर्वांत अदृश्य. दिवसाची लांबी बदललेली नाही, हिवाळा मात्र बदलतो आहे. २०२४ च्या जानेवारीत भर चिल्लई कलानमध्ये गुलमर्गच्या उतारांवर बर्फाऐवजी तपकिरी गवत दिसत होते. बर्फ कमी पडला म्हणजे प्राण्यांचे कष्ट कमी झाले, असे वरवर वाटते. परंतु बर्फाची गोधडीच नसेल, तर खडकाखालच्या पिकाला आणि बिळातल्या जीवांना कडाक्याची थंडी थेट भिडते आणि उन्हाळ्यात कुरणांना पाणी देणारे झरे लवकर आटतात. प्राण्यांचे घड्याळ एक वेळ दाखवते आणि ऋतू दुसरीच.

हे चित्र निराशाजनक आहे. परंतु ते अपुरे आहे. गेल्या पन्नास-साठ वर्षांत, म्हणजे साधारणतः या शाळेच्याच आयुष्यात, रक्षणाचे मोठे काम उभे राहिले आहे. १९७२ साली देशात वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि १९७८ साली जम्मू-काश्मीरने स्वतःचा तसाच कायदा केला. श्रीनगरला पिण्याचे स्वच्छ पाणी मिळावे म्हणून १९१० मध्ये राखले गेलेले दाचीगामचे रान १९८१ साली राष्ट्रीय उद्यान झाले. त्या रानासाठी दहा गावे हलवली गेली आणि त्या दहा गावांवरूनच त्याचे नाव पडले, असे सांगतात. एकेकाळी हजारोंनी असलेला हंगुल १९७० च्या सुमारास दीडशेच्या आसपास उरला होता. २०२१ च्या गणनेत २६१ आणि २०२३ मध्ये २८९ हंगुल नोंदले गेले. वाढ झाली आहे, हे खरे. तरीही २८९ हा आकडा म्हणजे एखाद्या शाळेतील पाच-सहा वर्गांचा पट. एक संपूर्ण प्राणिकुल एवढ्या पटावर, मुख्यतः एकाच रानात उभे आहे. एखादी साथ, एखादा वणवा, एखादा वाईट हिवाळा आला, तर हजेरी घ्यायला कोणी उरणार नाही, ही भीती अजून सरलेली नाही.

कायद्याचा हात जेथे पोहोचत नाही तेथे गावाचा पोहोचतो, हे हिमाचल प्रदेशातील स्पितीच्या खोऱ्याने दाखवून दिले. किब्बर हे सुमारे ४,२०० मीटर उंचीवरचे गाव. तेथे पाळीव जनावरे इतकी वाढली होती की भरलांना चरायला गवत उरेना. भरल कमी झाले की हिमबिबट्या गोठ्याकडे वळतो आणि गोठा रिकामा झाला की गावकरी हिमबिबट्याच्या जिवावर उठतो. डॉ. चारुदत्त मिश्रा आणि म्हैसूर येथील नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशन या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी ही साखळी ओळखली. १९९० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी गावाशी बोलणी केली आणि गावाने आपल्या कुरणाचा एक तुकडा चराईविना राखून ठेवण्याचे मान्य केले. त्याबद्दल गावाला मोबदला मिळाला. पुढे जनावरांसाठी विमा योजनाही सुरू झाली. राखलेल्या कुरणात भरल वाढले. ज्या गावाच्या छपरावरचा प्रत्येक भारा मोलाचा, त्या गावाने दुसऱ्या जीवासाठी गवत सोडले, ही घटना कोणत्याही कायद्याच्या कलमाहून मोठी आहे.

लडाखमध्ये हिमबिबट्या रात्री उघड्या गोठ्यात उडी मारून एका रात्रीत कित्येक मेंढ्या मारून टाकी. पूर्वी अशा हिंस्र श्वापदांसाठी दगडी खोल खड्डे बांधलेले असत. त्यांना ‘शांगदोंग’ म्हणतात. आत बकरा बांधायचा. उतरलेल्या जनावराला पुन्हा वर चढता येत नसे आणि गावकरी त्याला दगडांनी ठेचून मारीत. आज गोठ्यांवर तारांच्या जाळीची छपरे बसवली जात आहेत. लेह येथील स्नो लेपर्ड कन्झर्व्हन्सी इंडिया ट्रस्ट या संस्थेच्या पुढाकाराने हेमिस राष्ट्रीय उद्यानातील रुंबकसारख्या गावांत पाहुण्यांना घरात उतरवून घेण्याची पद्धत रुजली. त्या घरांचा कारभार मुख्यतः स्त्रिया सांभाळतात. हिमबिबट्या पाहायला माणसे भर हिवाळ्यात येतात आणि ज्या दिवसांत गावात रोजगार नसतो, त्याच दिवसांत चार पैसे घरी येतात. मेंढ्यांचा चोर घराचा पोशिंदा झाला. काही गावांनी तर आपले शांगदोंग निकामी करून त्यांच्याजवळ स्तूप बांधले आहेत. जेथे मृत्यू बांधून ठेवला होता, तेथे आता लोक प्रदक्षिणा घालतात.

या प्रयत्नांची बेरीज हळूहळू दिसू लागली आहे. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या देशातील पहिल्या पद्धतशीर गणनेनुसार भारतात ७१८ हिमबिबटे असावेत, असा अंदाज आहे. त्यांपैकी ४७७ एकट्या लडाखमध्ये. चिरूच्या बाबतीत आंतरराष्ट्रीय व्यापारबंदी, पठारावरील अभयारण्ये आणि २००२ नंतर जम्मू-काश्मीरमध्येही आलेली शाहतूशबंदी यांचा परिणाम झाला. २०१६ साली जागतिक यादीत त्याची स्थिती सुधारल्याची नोंद झाली. या यशाची किंमत मात्र काश्मिरी विणकरांनी आपल्या हातचे काम गमावून मोजली, याचा विसर पडू नये.

विद्यार्थी मित्रहो, हिमालय येथून दूर आहे, तेव्हा शाळेतील मुलामुलींनी यात काय करायचे, असा प्रश्न मनात येणे साहजिक आहे. परंतु दरवर्षी सुटीत काश्मीर-लडाखकडे जाणाऱ्या पर्यटकांत मराठी कुटुंबांची संख्या लहान नसते. सोनमर्गच्या उतारावर पडणारे एखादे वेष्टन आणि पँगाँगच्या रस्त्यावर फियापुढे धरलेले बिस्किट मराठी हातातलेही असू शकते. पिशवीत घेतलेला कचरा पिशवीतच परत आणणे, रानातल्या प्राण्याला काहीही न भरवणे, शाल घेताना ती कोणत्या केसांची आहे हे विचारणे आणि उतरायला स्थानिक माणसाचे घर निवडणे, या चार गोष्टींसाठी शास्त्रज्ञ असावे लागत नाही. शिस्त लागते आणि ती शाळेतच लागते.

दुसरे काम घराजवळचे आहे. पट्टकदंब कितीही तयारीने निघाला, तरी उतरण्याच्या ठिकाणी पाणी स्वच्छ आणि काठ शांत असला, तरच त्याची तयारी फळाला येते. २०२०-२१ च्या हिवाळ्यात पोंग जलाशयावर बर्ड फ्लूच्या साथीने हजारो पक्षी मेले आणि त्यांत बहुसंख्य पट्टकदंब होते. सात हजार मीटरवरची विरळ हवा ज्यांना अडवू शकली नाही, ते पाण्याच्या काठी गतप्राण झाले. म्हणून प्रत्येक गावाचे तळे, प्रत्येक शहराबाहेरची पाणथळ हा हिमालयाच्या हिवाळ्याचाच एक भाग आहे. ते तळे बुजवणे म्हणजे दूरवरून येणाऱ्या पाहुण्याच्या पाटावरचे ताट काढून घेणे होय.

साठ वर्षांपूर्वी परप्रांतात मूठभर मराठी माणसांनी ही शाळा उभी केली, तेव्हा त्यांनीही एक बेगमीच केली होती. पुढे येणाऱ्या ऋतूत भाषा टिकावी, मुलांना तिची ऊब मिळावी, यासाठी त्यांनी सुगीच्या दिवसांत आपल्या वाट्यातले काही बाजूला काढून ठेवले. त्या साठवणीवर आज तिसरी पिढी शिकत आहे. किब्बरच्या गावकऱ्यांनी राखलेले कुरण आणि या संस्थापकांनी राखलेली ही जागा, दोहोंच्या मुळाशी एकच वृत्ती आहे: जे आपल्या हातात आहे, त्यातला काही भाग आपल्यासाठी न वापरण्याची.

येत्या शरदात दाचीगामच्या रानात हंगुलच्या आरोळ्या पुन्हा घुमतील, फियाचे कुटुंब बिळाच्या दाराला दगड लावील आणि एखाद्या पहाटे पट्टकदंबांची माळ हिमालय ओलांडून दक्षिणेकडे निघेल. त्यांची तयारी त्यांनी चोख केलेली असेल. त्यांच्या वाटेवरचे गवत, पाणी आणि शांतता शाबूत ठेवणे, एवढी तयारी माणसाकडे उरते. ती करण्याची बुद्धी आणि शिस्त या शाळेतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक पिढीला लाभो, ही हीरक महोत्सवी वर्षातील प्रार्थना.